इतक्या पैशात गाडी आली असती

सायकलवाल्यांच्या कुठल्याही गटात जा, तुम्हाला तेच पाच-सहा वाद आणि तेच आठ-दहा विनोद ऐकायला मिळतील. गाव बदलतं, सायकलींच्या किमती बदलतात, पण हे काही बदलत नाही. सोलापुरात अशा एका गटाबरोबर मी गेली चार वर्षं रविवारी सकाळी सायकल चालवते. फजरची नमाज झाली की निघायचं, सात रस्त्यावर जमायचं, तीस-चाळीस किलोमीटर जाऊन यायचं. गटात एक डॉक्टर आहेत, दोन वकील, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, चादरीचा कारखाना असलेले एक शेठ, इंजिनिअरिंगची चार-पाच पोरं, आणि मी, उर्दू शाळेतली मास्तरीण. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते म्हणून गटात माझं नाव पडलंय 'डबलसीट मॅडम'.

आधी विनोदांबद्दल सांगते, कारण नवीन माणसाला तेच आधी भेटतात.

पहिला विनोद आमचा नाहीच, तो रस्त्यावरच्या लोकांचा आहे. चहाच्या टपरीवर थांबलो की कुणीतरी जवळ येतं, सायकलीला हात लावून बघतं आणि विचारतं, "केवढ्याची?" किंमत ऐकली की पुढचं वाक्य ठरलेलं: "इतक्या पैशात गाडी आली असती की हो!" आपल्याकडे गाडी म्हणजे मोटरसायकल. गटातली पोरं आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच हे वाक्य एका सुरात म्हणतात. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो, "स्टँड कुठंय?" स्टँड नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही. एक म्हातारे गृहस्थ डॉक्टरांच्या सायकलीभोवती फेरी मारून म्हणाले होते, "सामान अजून यायचंय का?" डॉक्टर ही गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगतात.

मग आमचे आपसातले विनोद. जगभरातल्या सायकलवाल्यांचं एक सूत्र आहे: माणसाकडे किती सायकली असाव्यात? तर एन अधिक एक. एन म्हणजे सध्या आहेत तितक्या. या सूत्राचा दुसरा भाग नवरा-बायकोच्या घरात उपयोगी पडतो: एस वजा एक. जितक्या सायकली आणल्यावर जोडीदार घर सोडून जाईल तो आकडा म्हणजे एस. आमचे हे या सूत्रावर खूश आहेत. माझ्याकडे एकच सायकल आहे, त्यामुळे "आमच्या घरात एस म्हणजे दोन" असं त्यांनी माझ्या गटाला परस्पर कळवलंय.

बाकीचे तुम्हीही ऐकले असतील. जाताना वारा समोरून, येतानाही समोरूनच. चढ दिसला की पुढचा माणूस मागे वळून म्हणतो, "हा शेवटचा, पुढे सपाट आहे." तुळजापूरच्या घाटात मी हे वाक्य एकाच सकाळी चारदा ऐकलंय. मोबाईलच्या अॅपवर नोंद झाली नसेल तर ती राइड झालीच नाही. आणि नाश्ता. सहाशे कॅलरी जाळायच्या आणि सुशीला, भजी, दोन चहा करून नऊशे खायच्या. शेठजी म्हणतात, "आपण सायकलवर नाश्त्याला जात नाही, नाश्त्यासाठी सायकल काढतो."

हे विनोद फार भारी नाहीत, हे मलाही कळतं. पण त्यांचं एक काम आहे. नवीन माणूस पहिल्या रविवारी नुसता ऐकतो, तिसऱ्या रविवारी हसतो, दहाव्या रविवारी तोच विनोद दुसऱ्या नवख्याला सांगतो. त्या दिवशी तो गटातला झाला. माझ्या वर्गातही असंच होतं. नव्या मुलाला बाकीच्यांची टोपणनावं समजायला लागली की त्याचं रडणं थांबतं.

आता वाद.

सगळ्यात जुना वाद गिअरचा. बँकेतले काका ठासून सांगतात की खरी सायकल एकाच गिअरची, बाकी सगळं आळशी लोकांचं काम. पोरं त्यांना हसतात. पण काकांचे पूर्वज फार मोठे आहेत. १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबने डोंगराळ रस्त्यावर एक चाचणी घेतली. एकीकडे एकाच गिअरची सायकल घेऊन त्या काळचा नावाजलेला शर्यतपटू एदुआर फिशर, दुसरीकडे तीन गिअरची सायकल घेऊन मार्थ हेस नावाची बाई. जिंकली मार्थ. यावर आंरी देग्रांज यांनी, ज्यांनी पुढच्याच वर्षी टूर द फ्रान्स सुरू केली, लिहिलं की चाचणी छान झाली, पण गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठीच. माणसाने स्वतःच्या स्नायूंच्या जोरावर जिंकावं. त्यांच्या शर्यतीत डिरेलर गिअरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. तोपर्यंत भलेभले शर्यतपटू घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढायचे, उलटं फिरवून दुसऱ्या बाजूचं दातेरी चक्र चेनीत बसवायचे आणि पुन्हा निघायचे.

मी स्वतः पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर आहे, त्यामुळे देग्रांज साहेबांची परवानगी मला मिळाल्यातच जमा. पण मला यातली गंमत वेगळी वाटते. बाई गिअरवर जिंकली, हे डोळ्यांसमोर घडूनही वाद मिटला नाही. वाद गिअरचा नव्हताच मुळी, मर्दानगीचा होता. आज तोच वाद बॅटरीच्या सायकलींवरून चालतो: ती 'खरी' सायकल का? शब्दसुद्धा फारसे बदललेले नाहीत.

दुसरा वाद टायरचा. यात निदान निकाल लागलाय, तरी भांडण चालू आहे. मी गटात आले तेव्हा मला सांगण्यात आलं की टायर जितका अरुंद आणि हवा जितकी जास्त, तितकी सायकल वेगवान. २३ मिलिमीटरचा टायर, ११० ते १२० पीएसआय हवा. टायर दगडासारखा लागला पाहिजे. आता शर्यतीतले लोकच २८ आणि त्याहून रुंद टायर वापरतात आणि हवा बरीच कमी ठेवतात. कारण सोपं आहे. हवेचा दाब सारखा असेल तर रुंद टायर जमिनीवर आडवा टेकतो आणि फिरताना कमी दबतो, म्हणून शक्ती कमी वाया जाते. आणि रस्ता खडबडीत असेल तर दगडासारखा टायर सायकलीसकट आपल्यालाही उडवतो. ते हादरे अंगात जिरवण्यात आपलीच ताकद खर्च होते. आमच्या रस्त्यांवर खडबडीत म्हणजे काय, ते सांगायला नको. त्यात बाभळीचे काटे आणि सराटे. पावसाळा संपला की सराट्यांचा मोसम सुरू होतो आणि मग ट्यूबवाले आणि ट्यूबलेसवाले यांच्यात दिवाळीपर्यंत धुमश्चक्री.

तिसरा वाद वजनाचा. शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असू नये असा आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा नियम २००० सालापासून आहे. आमच्यातल्या एका वकीलसाहेबांनी तीनशे ग्रॅम वाचवायला महागडी सीट घेतली, तेव्हा डॉक्टर त्यांच्या पोटाकडे बघून एवढंच म्हणाले, "स्वस्तातला उपायही आहे, वकीलसाहेब."

चौथा हेल्मेटचा, आणि यात मात्र आवाज चढतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये सायकलस्वारांना हेल्मेटची सक्ती केली. नेदरलँड्समध्ये लाखो लोक रोज उघड्या डोक्याने सायकल चालवतात, कारण तिथे रस्तेच सायकलीसाठी बांधलेत. व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं झालं ते २००३ मध्ये, आंद्रेई किविलेव हा खेळाडू पॅरिस-नीस शर्यतीत पडून डोक्याच्या दुखापतीने गेल्यावर. इंग्लंडमधल्या इयन वॉकर या मानसशास्त्रज्ञाने सायकलीला अंतर मोजणारं यंत्र लावून बघितलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार हेल्मेट घातल्यावर गाड्या सरासरी आठ-साडेआठ सेंटिमीटर जास्त जवळून जात होत्या. मग त्याने बायकांसारखा लांब केसांचा टोप घालून सायकल चालवली, तेव्हा गाड्यांनी जास्त जागा सोडली! आमच्या गटात हे सांगितल्यावर सगळे माझ्या स्कार्फकडे बघायला लागले. मी स्कार्फवर हेल्मेट घालते. आतून पातळ सुती टोपी, पिना नाहीत, पट्टा एक घर सैल. याने ट्रकवाले किती जागा सोडतात याचा अभ्यास वॉकरसाहेबांनी सोलापूर-विजापूर रस्त्यावर येऊन करावा.

पायांचे केस काढावेत की नाही, हाही एक वाद आहे. एका अमेरिकन सायकल कंपनीने वाऱ्याच्या बोगद्यात चाचणी घेऊन चाळीस किलोमीटरला मिनिटभर वाचतं असं सांगितलं होतं, तेव्हापासून पोरांना जोर चढलाय. हा विषय निघाला की मी चहा आणायला जाते.

मी शिक्षक आहे, त्यामुळे एक प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. हे वाद मिटत का नाहीत? माझं उत्तर असं आहे की प्रत्येकजण आपापल्या रस्त्याबद्दल बोलत असतो आणि समजतो की सायकलीबद्दल बोलतोय. डच माणसाचं हेल्मेटवरचं मत त्याच्या रस्त्यावर खरं आहे. काकांचा एकच गिअर सपाट सोलापुरात खरा आहे, तुळजापूरच्या घाटात खोटा. कोण, कुठे, कशासाठी चालवतो, हे आधी विचारलं तर निम्मी भांडणं सुरूच होणार नाहीत.

आणि ते विचारायचं म्हटलं, की लक्षात येतं: गावात सगळ्यात जास्त सायकल चालवणारी माणसं आमच्या गटात नाहीतच. आमच्या बोलण्यातही नाहीत.

माझे अब्बा गिरणीत होते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. काळ्या सायकली, दांडीला अडकवलेला डबा, चाकाला घासणारा डायनॅमो. अब्बा दर जुम्याला सुट्टी असेल तर सायकल उलटी करून पुसायचे, चेनला तेल द्यायचे. तीस वर्षं ते रोज सायकलवर गेले. त्यांना 'सायकलिस्ट' कुणी म्हटलं नाही. तो शब्द आमच्या मोहल्ल्यात मी पहिल्यांदा आणला, तोही स्वतःसाठी.

आजही सकाळी आम्ही निघतो तेव्हा रस्त्यावर आमच्या आधी उठलेले लोक असतात. दूधवाले, पेपरवाले, पहिल्या पाळीला निघालेले यंत्रमाग कामगार, पाव-बटर-खारीचे डबे बांधलेले फेरीवाले. त्यांच्यातले एक माझ्या वर्गातल्या मुलीचे वडील आहेत. मागे पत्र्याची पेटी, हँडलला दोन्ही बाजूंनी पिशव्या. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर सहज होत असतील. एकदा टपरीवर भेटले तेव्हा गटात टायरचा वाद रंगला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वतःच्या टायरवर हात ठेवून मला म्हणाले, "टीचर, ये तो पहलेसेच मोटा है."

खरंच होतं. आपल्या काळ्या सायकलीचा टायर अठ्ठावीस बाय दीड, म्हणजे सुमारे चाळीस मिलिमीटर रुंद. खडीच्या रस्त्यावरच्या ज्या नव्या महागड्या सायकलींची आमच्या पोरांना स्वप्नं पडतात, त्यांचे टायर बरोबर तेवढेच असतात. पोरं हसली, पण यावेळी स्वतःला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, त्या विषयाकडे येते.

आमची शाळा सातवीपर्यंत आहे. आठवीसाठी उर्दू हायस्कूल साडेचार किलोमीटरवर. शेअर रिक्षाला जाऊन-येऊन चाळीस रुपये, म्हणजे महिन्याला हजार. ज्या घरात अम्मी विड्या वळते आणि अब्बा मागावर आहेत, तिथे दोन मुलं असतील तर हजार रुपये मुलावर खर्च होतात. मुलगी घरी बसते. कुणी तिला शाळेतून 'काढत' नाही. जूनमध्ये ती फक्त येत नाही. मी दरवर्षी सातवीच्या मुलींची यादी करते आणि पुढच्या वर्षी त्यातल्या कोण दिसत नाहीत ते बघते.

साडेचार किलोमीटर म्हणजे सायकलवर वीस-पंचवीस मिनिटं. बिहारने २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगा-मुलगीतला फरक ४० टक्क्यांनी कमी झाला. फायदा सगळ्यात जास्त तिथे झाला, जिथून शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात, पण ते ठरावीक मागास तालुक्यांत. शहरातल्या वस्तीतल्या आमच्या मुली त्यात बसत नाहीत.

हे मी पालकसभेत मांडते तेव्हा तिथेही वाद होतो, आणि तोही दरवर्षी तोच. ओढणी चाकात जाईल. बुरख्यात पेडल कसं मारणार? मोठी झाली आता. लोक काय म्हणतील? यातले काही प्रश्न खरे आहेत आणि त्यांना उत्तरं आहेत. लेडीज सायकलीच्या मागच्या चाकावर जाळी असते, ती त्यासाठीच. डच सायकलींवरही लांब कोट चाकात जाऊ नये म्हणून तसंच झाकण असतं. चेनकव्हर पूर्ण असेल तर सलवार अडकत नाही. हे मी प्रत्यक्ष दाखवते, माझ्या स्वतःच्या कपड्यांवर. पण काही प्रश्नांमागे प्रश्न नसतोच. १८९० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी बायकांना 'बायसिकल फेस' नावाचा आजार होतो असं लिहिलं होतं. सायकल चालवून चेहरा ताणला जातो म्हणे. त्यावर औषध काय, तर सायकल सोडा. अशा वादाला उत्तर देऊन तो संपत नाही. बायका चालवायला लागल्या, की तो आपोआप जुना होतो.

तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात तसं झालं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेत तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणं मोहिमेचाच भाग केलं. एक लाखाहून जास्त ग्रामीण बायका सायकल शिकल्या. त्यात मुस्लिम मुलीही होत्या, स्वतः शिकून दुसऱ्यांना शिकवणाऱ्या. सुरुवातीला पुरुषांनी घाणेरडे शेरे मारले. बायकांनी चालवणं थांबवलं नाही. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलेला लेख 'जहाँ पहिया है' या नावाने एनसीईआरटीच्या आठवीच्या हिंदी पुस्तकात होता. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. लेडीज सायकली कमी पडल्या म्हणून बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि मग अनेकींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं. लेडीज की जेन्ट्स हा वाद त्यांनी असा मिटवला.

हे सगळं मी गटात सांगितलं. आमच्या गटात कितीतरी जणांच्या पार्किंगमध्ये जुन्या सायकली धूळ खात पडल्यात. एन अधिक एकमधला तो 'एन'. त्या मुलींना द्याव्यात असं ठरलं, आणि अर्थातच वाद सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, हेल्मेटशिवाय मी देणार नाही. पोरं म्हणाली, गिअरची द्या, दमणार नाहीत. काका म्हणाले, एक गिअर पुरे. शेठजी म्हणाले, दुरुस्ती कोण करणार? तीन रविवार हेच चाललं. मी खारीवाल्या भाईंना विचारलं. ते म्हणाले, "गिअर नक्को. बिगड्या तो मोहल्लेमें कोन बनाता? पीछे कॅरिअर होना, स्टँड होना, घंटी होना." म्हणजे आमच्या सायकलींवर जे जे नसतं ते सगळं. डॉक्टरांनी हेल्मेटचा हट्ट सोडला नाही, आणि त्यात ते बरोबर आहेत, असं माझं मत आहे. हेल्मेट त्यांनी स्वतःच्या पैशाने आणली.

पाच सायकली कबूल झाल्या, तीन आल्या. पहिलीवर एक मुलगी गेल्या जूनपासून हायस्कूलला जाते आणि चुलत बहिणीला मागे बसवून नेते. एका सायकलीने दोघींचं झालं. दुसरी ज्या घरात दिली तिथे ती मोठा भाऊ वापरतो. मी दोनदा जाऊन आले, तिसऱ्यांदाही जाणार आहे. तिसरी खारीवाल्या भाईंच्या मुलीसाठी होती.

ते नाही म्हणाले. मला वाटलं होतं, ओढणीचं, लोकांचं काहीतरी काढतील. ते तसं काही बोलले नाहीत. म्हणाले, "मेरी उमर सायकलपे गई, टीचर. बेटीकू भी उसीच पे बिठाऊं क्या?"

हे ऐकल्यापासून त्या रस्त्यावरच्या विनोदाला मला पूर्वीसारखं हसता येत नाही. "इतक्या पैशात गाडी आली असती" म्हणणारा माणूस अडाणी नसतो. बऱ्याचदा त्याने आयुष्यभर सायकल चालवलेली असते आणि त्याच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट असते: एक दिवस सायकलवरून उतरून गाडीवर बसायचं. आम्ही मोटारी घरी ठेवून हौसेने सायकलवर बसलो, आणि तो जिथून सुटायची वाट बघतोय तिथे पैसे देऊन निघालो. त्याला ते कोडं वाटणारच. अब्बांनाही वाटलं असतं. माझ्या बीएडच्या फीसाठी त्यांनी जादा पाळ्या केल्या, त्या काही मी परत सायकलवर बसावं म्हणून नाही.

भाईंना मी एवढंच म्हटलं, की तुमच्या सायकलीने तुमचं घर चाललं. तिची सायकल तिला हायस्कूलपर्यंत नेईल, पुढची गाडी ती स्वतः घेईल. आणि रस्त्याचं म्हणाल, तर पहिले पंधरा दिवस आमच्या गटातले दोघे रोज सोबत येतील, ट्रकच्या रस्त्याने न जाता आतल्या गल्ल्यांतून. हे गटाने खरंच कबूल केलंय, आणि कमाल म्हणजे यावर वाद झाला नाही. काकांनी स्वतःहून पहिल्या आठवड्यासाठी नाव दिलं.

ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. सायकल आमच्या शाळेत मागच्या व्हरांड्यात उभी आहे. गेल्या आठवड्यात खारी द्यायला आले तेव्हा त्यांनी ती स्टँडवर चढवली, पेडल मारून चाक फिरवून बघितलं, मागचा ब्रेक घासत होता तो खिशातल्या पान्याने नीट केला. सीट बरीच खाली घेतली. मुलगी उंचीने लहान आहे. मग पेटी बांधून निघून गेले.

आठवीचे प्रवेश जूनमध्ये आहेत.